पट्ट्याची आतली बाजू

सोमवार, १३ जानेवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळीने रक्तदाब उतरेल, राग नाही उतरणार. रोज चार ओळी लिहून काढा, मनात कुजवू नका." नवी वही आणायला सवड कुणाला आहे? मापांच्या वहीच्या मागच्या बाजूने सुरू करते. पुढून शाळेतल्या पोरांच्या छात्या आणि कंबरा, मागून माझा राग.

दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं तेव्हा लिहायचं ठरवलंय. दुकान शाळेच्या फाटकासमोरच. गणवेश मी शिवते. सासरे, म्हणजे आबा, काज, बटणं, हुक आणि टोमणे सांभाळतात. हे बोटीवर असतात, नऊ-नऊ महिने. घरी आले तरी पाहुण्यासारखेच वावरतात.

रागाला आज निमित्तही मिळालं. शनिवारी अर्धी शाळा असते, तेव्हा लेक गळ्याशी हात धरून घरी आली होती. कॉलर उभी फाटलेली, वरची दोन बटणं गायब. शनिवार गेला, रविवार गेला, बोलायला तयार नाही. आज सकाळी बोलली.

"कॅप्टनने फाडली."

कॅप्टन म्हणजे कवायतीची कॅप्टन, लेकीच्याच वर्गातली, आठवीतली. कोपऱ्यावरच्या औषधवाल्या बाईंची मुलगी. मान कायम ताठ, वेणी कायम घट्ट.

"पण का?"

"ती मला चिंधी म्हणते. टेलरची चिंधी. सगळ्यांसमोर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी आईही शिवणकाम करायची. उरलेल्या तुकड्यांचे शर्ट जोडून मला घालायची, आणि वर्गातल्या एका मुलीने माझं नाव ठेवलं होतं चिंधी. चार वर्षं मला दुसरं नाव नव्हतं. लेकीला मी हे कितीदा तरी सांगितलंय, तिला तोंडपाठ असेल. तीस वर्षं झाली, आणि नेमका तोच शब्द. या मुलींना नवीन काही सुचतही नाही.

आबांनी कॉलर चष्म्याजवळ धरून पाहिली. म्हणाले, "ही मारामारीत फाटलेली नाही. कुणीतरी समोरून धरून ठेवलं होतं, आणि ही सुटायला मागे गेली."

"म्हणजे फाडलीच ना?" मी म्हटलं.

ते काज करायला वळले. वळलेले बरे.

बुधवार, १५ जानेवारी

टाके उसवायचं छोटं हत्यार सापडत नाही, आबांनी मुठीवर निळा दोरा गुंडाळलेलं. हातात चांगलं बसायचं. आबांना विचारलं तर म्हणाले, "ते कित्येक महिने जाऊन-येऊन असतं. सकाळी नसतं, संध्याकाळी डब्यात असतं." वस्तू काय पाय फुटून फिरायला जातात? वय झालंय त्यांचं. मीच दुसरं आणते.

सोमवार, २० जानेवारी

आज काय योग. औषधवाल्या बाई स्वतः दुकानात, हातात कॅप्टनचा स्कर्ट. बाजूची शिवण वीतभर उघडलेली. जूनपासूनची ही चौथी वेळ.

"मुलीला जपून वापरता येत नाही हो," बाई म्हणाल्या. त्या नेहमी असंच हळू बोलतात, जणू समोरच्याला ताप आहे.

मी गोड हसून स्कर्ट ठेवून घेतला. त्या गेल्यावर नीट बघितला. शिवण ओढून फाटलेली नव्हती, कापडाचा एक धागा दुखावलेला नाही. आम्ही दुकानात उसवतो तशी, दर तिसरा टाका कापून सोडवलेली. म्हणजे काय ते कळलंच. बाईसाहेब स्वतः उसवतात आणि आईकडून नवा स्कर्ट उकळू बघतात. लाडावलेलं कार्टं.

आणखी एक गंमत. कमरपट्ट्याच्या आतल्या बाजूला बारीक छिद्रांची रांग आहे, जोडी जोडीने, चार जोड्या. काहींच्या कडेला गंजाचा ठिपका. सेफ्टी पिनांची असणार. आत पिना कशाला टोचायच्या? काहीतरी नवी फॅशन असेल.

वहीत तिचं जूनचं माप बघितलं. कंबर सव्वीस. बाईंनी आज लिहून आणलं होतं चोवीस. तेराव्या वर्षी डाएट चाललंय. आमची लेक बघा, स्वतःचा डबा खाऊन वर आणखी कुणाचा तरी अर्धा डबा खाऊन येते. खात्या घरची आहे.

शिवण घालून दिली. चांगलीच घातली. अजून मला काही सुचलेलं नव्हतं.

सोमवार, २७ जानेवारी

लेक खुशीत आहे. सुट्टीत चार मैत्रिणींना घेऊन दुकानात आली. पाच जणी बाकावर दाटीने बसल्या, मधोमध आमची. ती बोलली की त्या हसतात, ती थांबली की त्या थांबतात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला शाळेत एक मैत्रीण नव्हती.

तेवढ्यात कॅप्टन फाटकातून बाहेर आली. लेकीने तोंडाने आवाज काढला, चर्रर्र, कापड फाडताना येतो तसा हुबेहूब. चौघी लोटपोट. कॅप्टनने एकदा स्कर्ट चाचपला आणि रस्ता ओलांडून पलीकडून गेली.

एकटी असली की कशी शेपूट घालते बघा. आबा सुईत दोरा ओवत होते तो ओवलाच जाईना. मी ओवून दिला.

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज शाळेत जाऊन आले. फाटकी कॉलर पिशवीत घालून नेली होती.

वर्गबाई म्हणाल्या, "बरं झालं आलात. तुमच्या मुलीबद्दल मीच तुम्हाला बोलवणार होते."

मी म्हटलं, "माझ्या मुलीबद्दल मला काय सांगता? हिच्याबद्दल बोला," आणि कॉलर टेबलावर टाकली. त्या पुन्हा काहीतरी सांगू लागल्या. मी त्यांना तोंड उघडू दिलं नाही. तीस वर्षांपूर्वी माझी आई याच जागी, म्हणजे अशाच टेबलापुढे उभी राहिली होती आणि "माफ करा" म्हणून परत आली होती. मी आईसारखी नाही.

शेवटी कॅप्टनला बोलावलं. "कॉलर तू धरलीस?" "हो." "का?" तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग खाली बघितलं. आठवडाभरासाठी तिचा बिल्ला काढून घेतला. माझ्या देखत, स्वतःच्या हाताने काढून टेबलावर ठेवायला लावला. पिन काढायला तिला जरा वेळ लागला.

जेवण गोड लागलं. रक्तदाबही बरा होता म्हणे, संध्याकाळी मोजला.

सोमवार, १० फेब्रुवारी

बिल्ला परत मिळाला तिला. एवढंच? आठवडा? मी चार वर्षं भोगली होती.

रविवारी लेक माझ्याशेजारी बसून जुने गणवेश उसवत होती. हात असा चालतो की बघत राहावं. मी तिला शिवायच्या आधी उसवायलाच शिकवलं, आठ वर्षांची होती तेव्हा. म्हटलं, "बाळा, अजून छळते का ती?" मान वर न करता म्हणाली, "रोज." मग म्हणाली, "आई, तुझ्या त्या मुलीचं पुढे काय झालं? तुला चिंधी म्हणायची तिचं?"

काही झालं नाही, म्हटलं. चांगलं झालं तिचं.

"तू काहीच केलं नाहीस?"

तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून हलत नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

देवाला काळजी. शनिवारी बक्षीस समारंभ, मैदानावर कवायत. सगळ्यांच्या पुढे कॅप्टन. आणि आज औषधवाल्या बाई तिचा स्कर्ट घेऊन आल्या. "आणखी सैल झालाय हो, पट्टा थोडा घ्याल का?" चोवीसचा साडेतेवीस करायचाय. पिनांची छिद्रं वाढली आहेत. आता सहा जोड्या.

मी म्हटलं, "घेते की. शुक्रवारी न्या."

बाई म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणून बरं आहे."

गुरुवार, २० फेब्रुवारी

केलं.

इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे सांगता येणार नाही. पट्टा उसवला, आत घेतला, आणि पुन्हा जोडताना टाक्याचा आकडा पाचावर ठेवला. कपडा शिवायच्या आधी नुसता धरून ठेवायला मारतो ती कच्ची टीप. टोकाला उलट टीप मारून पक्कं करायचं असतं, ते केलं नाही. हुकही त्याच टिपेवर बसवला. चालताना टिकेल, खुर्चीत बसताना टिकेल. दोन्ही हात वर करून कमरेत वाकलं की संपलं. कवायतीचा तिसरा प्रकार तोच आहे, मी दुकानातून रोज बघते.

वरून इस्त्री अशी मारली की कुणाला शंका येऊ नये. गेल्या वीस वर्षांत मी एक टीप वाईट मारलेली नाही. ही पहिली.

आबा पलीकडून बघत होते. म्हणाले, "आकडा पाचावर आहे."

"माहीत आहे."

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

मला वाईट वाटायला हवं ना? नाही वाटत. हात हलका झाल्यासारखा वाटतो. तीस वर्षांचं उट्टं एका टिपेत काढायचं म्हणजे काम स्वस्तात झालं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

पहिल्या रांगेत बसले होते, नवी साडी नेसून. आबांना चला म्हटलं तर म्हणाले, डोकं दुखतंय.

पहिला प्रकार झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला दोनशे मुलांनी हात वर केले, वाकली, आणि कॅप्टनचा पट्टा सुटला. स्कर्ट घसरला, मांडीपर्यंत आला. खरं तेच लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते, पहिले दोन क्षण मला फार बरं वाटलं.

मग ती रडेल म्हणून मी बघत राहिले. पळेल म्हणून बघत राहिले. तिने एका हाताने स्कर्ट धरला, बुटाची नाडी बांधायला वाकावं तशी गुडघ्यावर बसली, आणि दुसरा हात शर्टाच्या आत घातला. आत पिनांची रांग होती, एकात एक अडकवलेली. न बघता एक सोडवली, लावली. दुसरी, तिसरी, चौथी. प्रत्येक पिन नेमकी आधीच्या छिद्रांत गेली असणार. ढोलाचे आठ ठोके झाले नसतील, ती उभी राहिली आणि चौथ्या प्रकाराला बरोबर हात वर केले. बटण लावायला माणसाला जेवढा विचार लागतो तेवढाही तिला लागला नाही. हे सवयीचे हात होते. माझ्यापेक्षा जलद.

तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला. चर्रर्र. मग पाच-सहा जणींचा, मग अख्ख्या रांगेचा. सगळ्यांना तो पाठ होता. मी मान वळवली. माझी लेक मधोमध उभी होती, हात खाली, आणि दोन बोटांनी ताल धरत होती. ती थांबली तेव्हा सगळ्या थांबल्या.

घरी येऊन साडी बदलली. वही पुढून उघडली आणि तिची मापं पुन्हा वाचली. सव्वीस, चोवीस, साडेतेवीस.

कुणाचा अर्धा डबा खाऊन येते ही?

सोमवार, २४ फेब्रुवारी

शाळेच्या मोठ्या बाईंनी बोलावलं. त्यांच्या खोलीत औषधवाल्या बाई, कॅप्टन, माझी लेक. टेबलावर स्कर्ट, आणि शेजारी आमचं हत्यार, निळ्या दोऱ्याच्या मुठीचं. लेकीच्या दप्तरात सापडलं.

मोठ्या बाई वाचून दाखवल्यासारखं बोलत होत्या. वर्षभर चाललंय. तासाला मागच्या बाकावर बसून पुढे बसलेल्या कॅप्टनची शिवण उसवायची. डबा हिसकायचा, खायचा, उरलेला टाकायचा. बाकावर जागा द्यायची नाही. पाच जणी, म्होरकी ही. जानेवारीत कॅप्टनने हिला हत्यारासकट पकडलं, कॉलर धरून बाईंकडे न्यायला निघाली, कॉलर फाटली. पुढचं मला माहीतच होतं. मीच बिल्ला काढायला लावला होता.

औषधवाल्या बाई म्हणाल्या, "मला घरी एक शब्द सांगितला नाही हो. पिनांचं पाकीट दुकानातून न्यायची, मला वाटायचं कवायतीला लागतात." तशाच हळू आवाजात. मला वाटलं त्यांनी ओरडावं.

"बाकीचं समज देऊन मिटवलंही असतं," मोठ्या बाई म्हणाल्या, "पण शनिवारचं नाही. सगळ्या गावासमोर मुलीला उघडं पाडणं. याला शाळेत जागा नाही. गुरुवारी समितीपुढे ठेवते, नाव काढावं लागेल."

लेक म्हणाली, "शनिवारचं मी नाही केलं."

"आता खोटं बोलू नकोस."

आणि तेव्हा कॅप्टन बोलली. "बाई, ती खरं सांगतेय. शनिवारचं तिने नाही केलं. मी स्कर्ट घरून घालून आले होते, आणि सकाळपासून भिंतीला पाठ लावून उभी होते. कुणाला जवळ येऊ दिलं नाही."

"तू तिला घाबरू नकोस," मोठ्या बाई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या.

"घाबरत नाही. पण तिने नाही केलं."

कुणी विश्वास ठेवला नाही. खोलीत एकच माणूस होतं जे तिला खरी ठरवू शकत होतं, आणि ते पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलं होतं. माझ्या मुलीने जिला वर्षभर छळलं तिनेच तिला वाचवायचा प्रयत्न केला आणि मी, आई, गप्प. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते आज कळलं.

निघताना औषधवाल्या बाईंनी स्कर्ट माझ्याच हातात दिला. "शिवून द्याल? ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. आताही म्हणते, काकूंची शिलाई टिकते, शाळेत उसवतात ते वेगळं."

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सकाळी लेकीला समोर बसवलं. विचारलं, का?

"ती सारखी पहिली येते. बाई सारखं तिचंच नाव घेतात." खांदे उडवले. "मग एकदा गंमत म्हणून केलं. सगळ्या हसल्या."

"आणि चिंधी?"

"ते ती कधीच म्हणाली नाही. तुला ते लागतं हे मला माहीत होतं."

मी हात उगारला होता. तेवढ्यात तिने टेबलावरचा स्कर्ट ओढून घेतला, पट्टा उलटा केला आणि नखाने टिपेवरून गेली. मीच शिकवलंय तसं.

"आई, इथे काही कापलेलंच नाही. दोरा नुसता सुटलाय." मग डोळ्यांजवळ नेऊन, "टाका केवढा मोठा आहे. आकडा पाचावर होता ना?"

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं रडेल, चिडेल, तुझ्यामुळे माझं नाव जातंय म्हणेल. ती हसली. मोठ्या माणसांनी त्यांच्यात घेतलं की पोरं हसतात तशी.

"भारीच की गं आई. मी नाही सांगणार कुणाला." आणि थोडा विचार करून, "नाव काढलं तर दुसऱ्या शाळेत घाल. तिथे कुणाला काही माहीत नसेल."

आबा बटण लावता लावता थांबले होते. माझा उगारलेला हात अजून तसाच होता. तो कुणावर आपटायचा ते मला कळेना.

बुधवार, २६ फेब्रुवारी

आज दुकान दोनला बंद केलं ते चारला उघडलं नाही. लेक शाळेतून आली तशी तिला म्हटलं, दप्तर ठेव, चप्पल काढू नकोस.

"कुठे जायचंय?"

"औषधाच्या दुकानात."

स्कर्ट मी शिवलेला नाही. कच्ची टीप होती तशी ठेवली आहे. काउंटरवर एक म्हातारे गृहस्थ गोळ्या घेत होते, त्यांचं होईपर्यंत थांबलो. आत स्टुलावर कॅप्टन बसून गणितं सोडवत होती. आम्हाला बघून ती उठली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. माझ्या लेकीने ते बघितलं आणि मीही.

मी पट्टा उलटा करून काउंटरवर ठेवला. घरून चार वाक्यं घोकून आणली होती, तेवढी सरळ बोलले. ही टीप माझी आहे. शनिवारी सुटावी म्हणूनच मारली. वर्षभर जे झालं ते माझ्या मुलीने केलं, शनिवारचं मी केलं. उद्या समितीपुढे दोन्ही सांगणार आहे, मग नाव काढायचं की ठेवायचं ते त्यांनी ठरवावं.

औषधवाल्या बाईंचा हात बरणीच्या झाकणावर तसाच राहिला. कॅप्टन पुढे आली. तिने टिपेवरून बोट फिरवलं, शेवटपर्यंत, जिथे गाठ असायला हवी होती तिथपर्यंत. मग वर बघितलं.

"का, काकू?"

या वहीची मागून सोळा पानं झाली आहेत, सगळी याच प्रश्नाची उत्तरं. तिथे त्यातलं एकही तोंडातून निघेना. तीस वर्षांपूर्वी एका मुलीने मला नाव ठेवलं होतं, हे कॅप्टनपुढे काय सांगणार? ती उत्तराची वाट बघत होती, शर्टाच्या आत पिनांची रांग तशीच ठेवून. मी शेजारी पाहिलं. लेकही माझ्याकडेच बघत होती, आणि आता हसत नव्हती.